काही बदललं नाही, आई

एप्रिल लागला की नागपुरात दोन गोष्टी बाहेर निघतात. एक माळ्यावरचा कूलर आणि दुसरी परीक्षा संपलेली रिकामी पोरं. कूलरला वाळ्याची नवी खस बसवतात आणि पोरांना कुठल्या तरी क्लासला बसवतात. आमच्या काळी तो क्लास ठरलेला असायचा. "उन्हात कायले बोंबलत फिरून राहिला गा, टायपिंग लाव," असं घराघरात म्हटलं जायचं, आणि जरीपटक्यातली निम्मी पोरं माझ्या आईकडे यायची.

आईचा क्लास म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. भिंतीला लागून सोळा मशीन, मधून एक माणूस कसाबसा जाईल एवढी वाट, आणि खिडकीत धडधडणारा कूलर. प्रत्येक मशीनच्या बटणांवर आईनं सुताराकडून करून घेतलेलं लाकडी खोकं असायचं. हात त्या खोक्याच्या आत आणि डोळे बाजूच्या कागदावर. बोटांकडे पाहायचं नाही, काय उमटलं ते पाहायचं नाही, पान पूर्ण होईस्तोवर मान वळवायची नाही. ओल्या खसेचा वास, रिबिनीच्या शाईचा वास आणि सोळा मशीनचा कडकडाट, असा माझा उन्हाळा. आई खोलीच्या दारात तांदूळ निवडत बसायची आणि तिथूनच ओरडायची, "तिसऱ्या मशीनवाली, करंगळी कुठं चालली वं तुझी?" तिला नुसत्या आवाजावरून चूक कळायची. मी तिची पोटची पोरगी, पण मला ते टायपिंग कधी जमलं नाही. माझी करंगळी जन्माचीच चुकार.

यंदा एप्रिलात समोरच्या फ्लॅटमधल्या बाई आल्या. आम्ही बेस्यात राहतो, इथं सगळे नवे, कुणाला कुणाचं मागचं माहीत नाही. पण त्यांना कुठून तरी कळलं होतं. "तुमच्या आई टायपिंग शिकवायच्या म्हणे? आमच्या पोरीची सरकारी टायपिंगची परीक्षा आहे, जरा पाहतील का?" आई तिथेच दिवाणावर बसली होती. मी घाईघाईनं म्हटलं, "नाही हो, आता नाही ती शिकवत." आईनं माझ्याकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहिलं. त्या गेल्यावर मी कणीक मळायला घेतली आणि इतकी मळली की पोळ्या रबरासारख्या झाल्या. नवऱ्यानं तशाच खाल्ल्या बिचाऱ्यानं.

दोन वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा दर एप्रिलला माझ्या उरावर येऊन बसतो.

आधी माझं पाप सांगते. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, आणि मी लिनक्सवाली आहे. म्हणजे कॉम्प्युटरमध्ये जी मूळ प्रणाली असते ना, ज्याच्यावर बाकी सगळं चालतं, ती कुण्या एकाच्या मालकीची नको, सगळ्यांनी मिळून केलेली, सगळ्यांना मोकळी हवी, असं म्हणणाऱ्यांपैकी मी. लायब्ररीतले बारा डबडे कॉम्प्युटर मी स्वतः रात्रंदिवस डोकं फोडून लिनक्सवर नेले आणि ते टणाटण चालायला लागले. मग काय विचारता! नव्यानं माळ घातलेल्या माणसासारखी मी गावभर उपदेश करत सुटले. नणदेचा लॅपटॉप झाला, दिराचा झाला, शेजाऱ्यांचा झाला. "हिला हळदीकुंकवाला बोलावू नका," नवरा म्हणायचा, "वाणात पेनड्राइव्ह देईल." मी हसायचे. पण खरं सांगू, मला त्याचा भारी अभिमान होता. फुकट मिळतं म्हणून नव्हे. जे मशीन दुकानदारानं भंगारात काढलं ते आपल्या हातानं पुन्हा उभं करता येतं, कुणापुढे हात न पसरता, यात काय सुख आहे ते ज्यानं केलं त्यालाच कळतं.

आईचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा होता. मशीनचे दिवस संपले, सोळाच्या सोळा मशीन भंगारवाला घेऊन गेला, क्लास बंद झाला, बाबा गेले, आणि त्या रिकाम्या पुढच्या खोलीत दादानं पुण्याहून येऊन तो कॉम्प्युटर मांडून दिला. आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीनं त्यात मराठी बसवून दिली होती. तेव्हापासून आई रोज सकाळी चहा झाला की एक पान टाइप करायची. गवयाचा रियाज असतो तसं ते तिचं पान. बहुतेक अर्जाचे नमुनेच, जे तिनं तीस वर्षं शिकवले. त्या वर्षी पानाखाली शेवटी लिहायलाही लागली होती, "अकरा मिनिटे. चुका दोन."

हे मिनिटांचं आणि चुकांचं मला जुन्या सवयीचं वाटायचं. ते तसं नव्हतं, हे फार उशिरा कळलं. त्या वर्षी जानेवारीत आई दोनदा गॅस चालू ठेवून देवळात गेली आणि एकदा मला माझ्या मेलेल्या मावशीच्या नावानं हाक मारली. मी तिला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, वय चौऱ्याहत्तर आहे, सुरुवात असेल किंवा काहीच नसेल, लक्ष ठेवा. मी लक्ष ठेवलं, म्हणजे रोज फोन करून "गॅस बंद केला का?" विचारू लागले. आणि आईनं आपल्या पद्धतीनं लक्ष ठेवलं. डॉक्टरकडून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिनं पानाखाली मिनिटं आणि चुका लिहायला सुरुवात केली होती. त्याच्या आधीच्या एकाही पानावर ते नाही, मी मागाहून सगळी काढून पाहिली. पान नीट उतरलं म्हणजे डोकं नीट आहे, असा तिनं मनाशी हिशेब धरला होता. डोक्याचं काय होत आहे हे तिला डॉक्टरांकडून ऐकायचं नव्हतं, माझ्याकडून तर नव्हतंच. तिला ते बोटांकडून ऐकायचं होतं. सत्तर पानं तिनं अशी केली. चुका कधी एक, कधी तीन, एकदाही चार नाही.

आणि एप्रिलातल्या एका रविवारी मी माझा पेनड्राइव्ह घेऊन गेले. त्या कॉम्प्युटरमधल्या प्रणालीची मुदत केव्हाच संपली होती आणि नवी त्या मशीनला झेपणार नव्हती. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. मी म्हटलं, माझ्या जिवंतपणी? बाहेर ऊन मरणाचं, आई आंब्याचं पन्हं करत होती, आणि मी पुढच्या खोलीत बसून तासाभरात लिनक्स घातलं. तिच्या फायली आधी काढून ठेवल्या होत्या, त्या परत जागच्या जागी ठेवल्या. प्रिंटर पहिल्या झटक्यात चालला. मग मी माझी खास युक्ती केली. म्हातारी माणसं बदल पाहून घाबरतात, तेव्हा बदल दिसूच द्यायचा नाही. पडद्यावर बाबांचा पेंचच्या धरणावरचा तोच फोटो लावला. खुणा त्याच जागी, तीच नावं, तोच रंग. मराठीसाठी यादीत तीन-चार पर्याय होते. मी स्वतः वापरते त्यावर टिचकी मारली, "नमस्कार आई" असं टाइप करून पाहिलं, आलं. झालं काम.

आई पदराला हात पुसत आली. "कठीण तर नाही ना वं झालं?"

"काही बदललं नाही आई. सगळं तेच आहे. आतलं इंजिन तेवढं नवं टाकलं."

"मंग बरं," ती म्हणाली.

दोन-तीन दिवसांनी फोनवर तिनं विचारलं, "कावं बाई, त्या कॉम्प्युटरात काही फरक तर नाही ना केला तू?" माझ्याकडे लायब्ररीतल्या पुस्तकांची मोजणी चालू होती, डोक्यावर धूळ, समोर दोन हजार पुस्तकं. मी खेकसलेच. "किती वेळा सांगू आई, काही बदललं नाही! तू विसरून राहिली का?" ती म्हणाली, "नाही, नाही. असंच विचारलं."

पुढच्या रविवारी त्या मोजणीमुळे जमलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारी गेले तर आई न्हाणीघरात होती, आणि जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या पेल्याखाली चार छापलेले कागद होते. मी सहज उचलले. वर तारीख होती, खाली अर्जाचा साचा होता, ओळी नीट, समास नीट, परिच्छेद नीट. आणि त्यात एक शब्द धड नव्हता. म्हणजे अगदी कचराही नव्हता, तेच तर भयंकर होतं. मध्येच र बरोबर, मध्येच मात्रा बरोबर, आणि बाकी वेडंवाकडं. "सरकार" असायला हवं तिथं "तर्कर". शेवटी "सही" हवी तिथं चारही कागदांवर "तुप". अर्जाच्या शेवटी माझी आई तूप मागत होती. खाली पेननं लिहिलं होतं, "चुका", आणि पुढे जागा कोरी.

मी, बारा कॉम्प्युटर उभे करणारी शहाणी, ते कागद हातात धरून उभी राहिले आणि मला एका क्षणासाठीही मशीनचा संशय आला नाही. माझ्या डोक्यात गॅस होता, मेलेली मावशी होती, डॉक्टरांचं "सुरुवात असेल" होतं. गेली आपली आई, असं वाटलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ढसाढसा रडले. आई डोक्याला पंचा बांधून दारात येऊन उभी राहिली तेव्हा कागद माझ्या हातातच होते.

"काय झालं वं?"

"काही नाही. तू बस. जेवून घेऊ."

मग सगळं भराभर झालं. वाईट गोष्टी आपल्याकडे फार सुरळीत होतात. डॉक्टरांनी कागद पाहिले, हं म्हणाले, फाइलला लावले आणि दोन गोळ्या लिहून दिल्या. त्यांचा काय दोष, दाखवणारी मी होते. दादानं पुण्याहून फोनवर सांगितलं की आता तिला एकटं ठेवायचं नाही, बस्स. मे महिन्याच्या ऐन उन्हात आम्ही जरीपटक्याचं घर बंद केलं आणि आई बेस्यात आली. पारशिवनीहून लग्न होऊन आल्यापासून ती त्या घरात होती. निघताना ती पुढच्या खोलीत दोन मिनिटं उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "कॉम्प्युटर घेऊन चाल बाई. बाकी काही नाही घेतलं तरी चालते."

मी तो तिच्या खाटेजवळ मांडून दिला. रोज सकाळी चहा झाला की ती बसायची. पण आता पान नव्हतं. मी डब्याची भाजी परतता परतता पाहायचे. ती एक बोट दाबायची, मान वर करून पडद्याकडे पाहायची, पुन्हा तेच बोट. त त त त. मग दुसरं बोट. क क क क. जिनं आयुष्यभर कुणाला मान वळवू दिली नाही, ती एकेका अक्षराला मान वर करून पाहत होती. मला बघवायचं नाही. "अगदी पहिलीतल्या पोरासारखं करते," मी दादाला सांगायचे, "तासन् तास एकच अक्षर." दादा म्हणायचा, करू दे, तेवढाच वेळ जातो तिचा. आम्ही दोघं भावंडं फोनवर तिच्याबद्दल असं बोलायचो, आणि ती पलीकडच्या खोलीत बसून घोटायची.

जून उजाडला, कॉलेज उघडलं. बदली होऊन एक बाई आमच्याकडे क्लार्क म्हणून आल्या, पन्नाशीच्या, जुन्या टायपिंग परीक्षेच्या. मी दिलेल्या कॉम्प्युटरवर त्यांनी बसल्या बसल्या एक ओळ सणसणीत हाणली, वर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "मॅडम, हा कोणता कीबोर्ड लावून ठेवला बाप्पा? मले मशीनवाला पाहिजे. ह्यात माझी अक्षरं सारी भलतीकडेच आहेत." मी जाऊन पाहिलं. त्यांना "सरकार" लिहायचं होतं.

पडद्यावर "तर्कर" होतं.

मी खुर्ची ओढून खाली बसले. जुन्या टायपिंग मशीनवरची अक्षरांची मांडणी वेगळी असते आणि कॉम्प्युटरसाठी मागाहून ठरलेली वेगळी. बोट तेच, अक्षर दुसरं. दोन-चार अक्षरं तेवढी दोन्हींत एकाच जागी सापडतात. हे मला माहीत होतं. मी लोकांना शिकवते हे! पण माझ्या आईची बोटं मशीनची आहेत, आणि त्या विद्यार्थिनीनं तिला मशीनवालीच मांडणी बसवून दिली होती, हे मला त्या रविवारी सुचलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तिला शंका यायला जागाच राहू नये याची मी किती मन लावून व्यवस्था केली होती. तोच फोटो, त्याच खुणा, तोच रंग. पडदा थोडा जरी परका दिसला असता तरी तिनं पडद्याला विचारलं असतं. काही बदललेलं दिसत नव्हतं, तेव्हा बदललं ते आपणच, हे तिनं मान्य केलं.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. आई झोपली होती. मी आवाज न करता यादीतला मशीनवाला कीबोर्ड शोधला आणि लावला. दोन मिनिटांचं काम. तिला उठवून सांगावं असं एकदा वाटलं. पण नाही सांगितलं. उद्या बसेल, पान धडाधड उतरेल, तिचा चेहरा खुलेल, ते पाहावं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. न बोलता दुरुस्त झालं तर माझी चूक कबूल करावी लागणार नव्हती. किती हुशार असतो माणूस आपल्यापुरता!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जायचं सोडून दाराशी उभी. आई बसली. तिनं बाजूला एक कागद लावला, कितीतरी दिवसांनी. हात ठेवले, डोळे कागदावर, मान ताठ, आणि बोटं चालू लागली. सावकाश, पण अडखळत नव्हती. मला हुंदका आला. पाच-सात ओळी झाल्यावर तिनं वर पाहिलं. मीही पाहिलं. पडद्यावर पुन्हा सगळं वेडंवाकडं होतं.

आईनं दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. "गेलं बाप्पा," ती म्हणाली. "हेही गेलं."

मला कळेना. मी पुढे होऊन तिच्या फायली उघडल्या, ज्या महिनाभरात मी एकदाही उघडल्या नव्हत्या. आधी ते त त त, क क क. मग दोन अक्षरी शब्द. मग ओळ. मग अर्धं पान. आणि कालच्या तारखेचं पूर्ण पान, अर्ज, "सरकार" बरोबर, "सही" बरोबर, आणि खाली, "चाळीस मिनिटे. चुका नऊ." माझ्या आईनं नवा कीबोर्ड शिकला होता. आपण टायपिंग विसरलो असं समजून तिनं पहिल्या धड्यापासून सुरुवात केली होती. डोकं गेलेल्या माणसाला हे जमतं का? चौऱ्याहत्तराव्या वर्षी, गोळ्यांच्या गुंगीत, ज्या मांडणीचं नावही तिनं ऐकलं नव्हतं ती मांडणी तिनं एकेका बोटानं शोधून काढली होती. आणि काल दुपारी ती झोपली असताना मी ती पुन्हा उलटी करून ठेवली.

त्याला आता दोन वर्षं झाली. आता आई खरोखरच विसरते. माझं नाव नाही विसरत अजून, पण जेवली की नाही ते विसरते. डॉक्टर म्हणतात, हे होणारच होतं. असेलही. पण घर सुटलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि रोजचं पान गेलं, ते काही होणारच नव्हतं. यातलं किती वयानं नेलं आणि किती मी, हे मला कुणीच सांगू शकत नाही, आणि मी विचारायचंही सोडलं आहे. मी अजून लिनक्स वापरते, त्याच्याशी माझं भांडण नाही. त्यात दोन्ही कीबोर्ड होते, पहिल्या दिवसापासून. फक्त आता कुणाचा कॉम्प्युटर करायला घेतला की मी रंगच वेगळा ठेवते, फोटोही बदलते, आणि चार वेळा बजावते की हे बदललं आहे, चुकलं तर आधी मला शिव्या घाल. लोक कंटाळतात.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी तिच्यापुढे जमिनीवर बसून सगळं सांगितलं. रविवारचं, टिचकीचं, लायब्ररीतल्या बाईंचं, कालचं. दोन्ही कीबोर्ड तिला कागदावर काढून दाखवले. आईला सगळं समजलं. तीस वर्षं शिकवलेली बाई ती, माझ्या आधी समजलं.

"म्हंजे मले येतच होतं," ती म्हणाली.

"हाव आई. येतच होतं. मीच गाढव. पण तू मले त्याच दिवशी काहून नाही सांगितलं? मी म्हटलं असतं ना का मशीनचंच आहे म्हणून!"

"सांगणारच होती. तू रविवारी येशीन तं तुले दाखवीन, म्हणून तं ते कागद छापून टेबलावर ठेवले. मले वाटलं मशीनचंच काही असंन. मी भेली नव्हती बाई." तिनं कागदावरच्या दोन्ही कीबोर्डांवरून बोट फिरवलं. "पण तू ते कागद पाहून रडली. तुले मशीनमधलं सारं समजते. तू रडली, म्हणून समजली मी, का मीच बिघडली."